क्रमांक झाकता येतो, ठसा बदलता येत नाही

पूर्वीच्या धुळे जिल्ह्यातून १९९८ मध्ये वेगळ्या झालेल्या नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली गावात २९ सप्टेंबर २०१० रोजी देशातील पहिल्या आधार क्रमांकांचे वाटप झाले. या १२ अंकी क्रमांकामागे १० बोटांचे ठसे व डोळ्यांच्या बुबुळांची प्रतिमा साठवलेली असते.

आज खानदेशातील खेड्यापाड्यांत बँक प्रतिनिधीच्या यंत्रावर अंगठा ठेवताच खात्यातील पैसे हाती येतात. सोय मोठी, पण धोकाही तेथेच. चोरीस गेलेला पासवर्ड बदलता येतो; बोटाचा ठसा नाही. दस्तऐवजांवरील ठशांच्या रबरी प्रतिकृती करून खाती रिकामी केल्याचे प्रकार देशात घडले आहेत.

सर्वोच्च न्यायालयाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. २०१८ मध्ये आधार योजना वैध ठरवतानाच बँक खाते व मोबाइल जोडणीसाठीची सक्ती रद्द केली. मात्र ठशाची राखण नागरिकालाच करावी लागते. आधार प्राधिकरणाच्या संकेतस्थळावरून बायोमेट्रिक माहितीस कुलूप लावता येते व पैसे काढण्यापुरते उघडता येते. छायाप्रतीऐवजी शेवटचे ४ अंकच दाखवणारे ‘मास्क्ड आधार’ द्यावे. फसवणूक झाल्यास तात्काळ १९३० या क्रमांकावर तक्रार नोंदवावी.