पूर, आठवण आणि अंदाज

२२ जुलै २०२१ रोजी महाड शहर सावित्रीच्या पुरात बुडाले आणि त्याच दिवशी तळिये गावावर दरड कोसळून ऐंशीहून अधिक माणसे प्राणास मुकली. त्यापूर्वी जुलै २००५ मध्ये दासगाव, जुई, रोहन व कोंडिवते येथेही दरडी कोसळल्या होत्या. अशा मुलखात घराचे जोते किती उंच घ्यावे, हे ठरविताना वृद्धांस विचारण्याची रीत आहे. महाड-पोलादपुरातील एखाद्या आजोबांस ‘पूर्वी पाणी कुठवर चढले होते?’ असे विचारावे, तर उत्तर बहुधा ठाम मिळते. त्यातील आठवण किती आणि अंदाज किती, हे मात्र क्वचितच पाहिले जाते.

वयाबरोबर स्मृती सरसकट झिजते, हा समज खरा नव्हे. १९६६ साली शॉनफील्ड व रॉबर्टसन यांनी केलेल्या प्रयोगात वृद्धांस पूर्वी दाखविलेले शब्द आपणहून आठवणे जड गेले. तेच शब्द इतर शब्दांत मिसळून पुढे ठेवले, तेव्हा ते ओळखण्यात वृद्ध तरुणांच्या फारसे मागे पडले नाहीत. घटनेचा गाभा टिकतो. साल कोणते, स्वतः पाहिले की दुसऱ्याकडून ऐकले, हे तपशील आधी निसटतात आणि ती उणीव मन अनुभवाच्या आधारे भरून काढते. नदीकाठी जन्म काढलेल्या माणसाचा अंदाज पुष्कळदा बरोबरही ठरतो. परंतु दोन पूर एकमेकांत मिसळले, म्हणजे चुकीचा अंदाजही आठवणीइतकाच खरा भासतो. यात लबाडी नाही. तरुणही हेच करतात. त्यांस कोणी म्हातारचळ लागला म्हणत नाही, इतकेच!

दोष पुष्कळदा प्रश्नाचा असतो. ‘पाणी ओट्यापर्यंतच होते ना?’ असे विचारले, की ‘होय’ हे उत्तर प्रश्नातच दडलेले असते. त्यापेक्षा वृद्धांस त्या जागी न्यावे, देवळाची पायरी व घराची चौकट दाखवावी. साल विचारण्याऐवजी ११ डिसेंबर १९६७ च्या कोयनेच्या भूकंपाआधी की नंतर, असे विचारावे. ‘पाहिले’, ‘ऐकले’ आणि ‘वाटते’ यांची नोंद वेगवेगळी करावी. शाळेतील शिक्षक व विद्यार्थी हे काम सहज करू शकतील. त्यास वही आणि थोडा धीर पुरे. २००५ चा पावसाळा पन्नाशीत पाहिलेली माणसे आज सत्तरीच्या घरात आहेत.