अधिवृक्क ग्रंथी ताणाने थकत नाहीत

लातूरच्या आणि अलीकडे नांदेडच्याही शिकवणी वर्गांच्या वस्तीत, नीटच्या अभ्यासाने कोमेजलेल्या मुलाविषयी ‘टेन्शन घेऊन घेऊन पोराच्या किडनीवरच्या ग्रंथी थकल्या’ असे जे निदान ऐकू येते, आणि त्या कल्पित थकव्यावर जी महागडी चूर्णे श्रद्धेने विकत घेतली जातात, त्यांनी मनाला क्लेश होतात. हा ‘अधिवृक्क थकवा’ १९९८ च्या सुमारास जेम्स विल्सन या अमेरिकी कायरोप्रॅक्टरने रूढ केला. २०१६ साली कडेजियानी आणि काटर या ब्राझीलच्या संशोधकांनी ५८ अभ्यास तपासून, असा विकार असल्याचा पुरावा नाही, असा स्पष्ट निर्वाळा दिला.

किती सांगावे! ही ग्रंथी स्वयंशासित नाहीच. तिच्या बाह्यकातून कॉर्टिसॉल किती स्रवावे याचा हुकूम मेंदूतील हायपोथॅलॅमसकडून सुटतो, पोष ग्रंथी एसीटीएच हे संप्रेरक रक्तात सोडून तो खाली पोहोचवते, अधिवृक्क त्याची तामिली करते, आणि कॉर्टिसॉल पुरेसे झाले की तेच मेंदूला आवर घालते. एसीटीएचचा मारा दीर्घकाळ चालला, तर ग्रंथी क्षीण न होता उलट आकाराने वाढते.

ॲड्रेनॅलीन स्रवणाऱ्या मध्यकाला तर मज्जारज्जूतून थेट नसा येतात. पिट्सबर्गच्या पीटर स्ट्रिक यांच्या चमूने २०१६ मध्ये माकडांत दाखवले, की मेंदूच्या बाह्यपटलातील हालचालीची, विचाराची आणि भावनेची क्षेत्रे या मध्यकाशी जोडलेली आहेत. म्हणूनच ३० सप्टेंबर १९९३ ची किल्लारीच्या भूकंपाची पहाट ज्यांनी भोगली, त्यांची छाती २१ मार्च २०२४ रोजी हिंगोली-नांदेडला बसलेल्या धक्क्याने धडधडली असेल, तर तो ग्रंथीचा दोष नव्हे. स्मृती जपणाऱ्या मेंदूचाच तो आदेश होय.

कॉर्टिसॉल सकाळी सर्वाधिक व मध्यरात्रीच्या सुमारास न्यूनतम असते. तेव्हा वेळ न नोंदवलेल्या तपासणीला अर्थ नाही.

ग्रंथी निकामी होतात हे मात्र खरे. १८५५ साली ॲडिसनने वर्णिलेल्या त्या व्याधीचे आपल्या देशातील एक प्रमुख कारण क्षयरोग आहे. वजन घटणे, त्वचा काळवंडणे, रक्तदाब उतरणे अशी लक्षणे दिसताच शासकीय रुग्णालय गाठावे.

आणि सांधेदुखीवर वा दम्यावर महिनोन्‌महिने स्टेरॉइडच्या गोळ्या घेणाऱ्यांनी त्या मनाने एकाएकी बंद करू नयेत: बाहेरून आलेल्या संप्रेरकामुळे मेंदूचे हुकूम थांबलेले असतात, ते पूर्ववत होण्यास कित्येक महिने लागू शकतात, आणि तोवर साधा ताप किंवा जुलाबही जिवावर बेतू शकतो.