'सोपी' वाट कोणाला सोपी? : पुणे परिसरातील डोंगरवाटा आणि त्यांचे वर्णन

पुणे शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंचीवर, सह्याद्रीच्या पूर्वेकडील उतारावर वसले आहे. पर्वती, तळजाई, हनुमान टेकडी, वेताळ टेकडी या टेकड्या तर शहराच्या पोटातच आहेत, आणि तासा-दोन तासांच्या प्रवासावर सिंहगड, राजगड, तोरणा, लोहगड उभे आहेत. या वाटांविषयी वृत्तपत्रांतून, मार्गदर्शक पुस्तिकांतून आणि किल्ल्यांवरील पुस्तकांतून मराठीत पुष्कळ लेखन होते. त्या लेखनात एक शब्द फार सहजपणे येतो : 'सोपी'. प्रस्तुत घटकात आपण या एका शब्दाची थोडी चौकशी करणार आहोत. ही चौकशी केवळ भाषेपुरती नाही, हे लक्षात घ्यावे. 'वाट सोपी आहे' हे वाक्य वाचून कोणी वृद्ध आईला घेऊन निघतो, कोणी चार वर्षांच्या मुलाला. आणि वाट तशी नसेल तर त्याची किंमत लेखकाला नव्हे, वाचकाला मोजावी लागते.

प्रथम पर्वतीचे उदाहरण घेऊ. नानासाहेब पेशव्यांच्या काळात, १७४९ मध्ये, येथील देवालय उभे राहिले. माथ्यापर्यंत १०३ पायऱ्या आहेत. त्या रुंद आणि कमी उंचीच्या आहेत, त्यामुळे दम फारसा लागत नाही. पर्वती सोपीच, असे कोणीही म्हणेल. परंतु गुडघेदुखी असलेल्या व्यक्तीला चढण्यापेक्षा उतरणे जड जाते, आणि चाकाच्या खुर्चीवर बसलेल्या व्यक्तीसाठी १०३ पायऱ्या आणि एक पायरी यांत काहीच अंतर नसते. तिची वाट पहिल्याच पायरीशी संपते. याउलट तळजाईच्या पठारावर वाहन पोहोचते आणि वर झाडीतून रुंद, बऱ्याच अंशी सपाट वाटा आहेत. जो पर्वती चढू शकत नाही तो तळजाईवर तासभर हिंडू शकतो. उंचीवरून वाटेचा अंदाज बांधणे किती फसवे असते, हे यावरून कळावे.

वेताळ टेकडीचा माथा सुमारे ८०० मीटर उंच असून शहराच्या हद्दीतील तो सर्वांत उंच भाग मानला जातो. तेथे गोखलेनगर, विधी महाविद्यालय, चतुःशृंगी, पाषाण अशा अनेक बाजूंनी जाता येते. माथा बराचसा सपाट आहे. कस लागतो तो सुरुवातीच्या चढावर. म्हणून या टेकडीविषयी 'मध्यम' हा शेरा मारण्यापेक्षा 'पहिली पंधरा-वीस मिनिटे चढ, पुढे मोकळे पठार' असे लिहिणे वाचकाच्या अधिक उपयोगाचे आहे.

आता सिंहगडाकडे वळू. पुण्याच्या नैऋत्येस सुमारे तीस किलोमीटरवर असलेल्या या गडाची उंची तेराशे मीटरहून अधिक आहे. पायथ्याच्या आतकरवाडीतून पुणे दरवाजापर्यंतची वाट पुणेकरांच्या सर्वाधिक पायाखालची. चढ सुमारे सहाशे मीटर, अंतर साधारण तीन किलोमीटर. विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये डोंगरातील वेळेचा एक ठोकताळा मांडला होता : दर पाच किलोमीटरला एक तास आणि दर सहाशे मीटर चढाला आणखी एक तास. या हिशेबाने सिंहगडाला दीड तासाहून थोडा अधिक वेळ लागावा, आणि सवय नसलेल्या पण धडधाकट माणसाला साधारण तितकाच लागतो. नित्य चढणारे तासाच्या आत पोहोचतात. त्याच वाटेने परिसरातील गावांतल्या स्त्रिया दह्याची मडकी डोक्यावर घेऊन वर्षानुवर्षे गडावर येत आल्या आहेत. त्यांना कोणी 'वाट कशी आहे?' असे विचारले, तर त्या काय सांगतील? डोंगरातील गावकऱ्यांचे 'हे काय, जवळच आहे' हे उत्तर ऐकून दोन तास चाललेल्यांना याचा अनुभव असेलच. त्यात लबाडी नसते. सांगणारा आपल्या पायांनी मोजतो, ऐकणारा आपल्या.

सिंहगडावर मोटाररस्ताही जातो. त्यामुळे 'गडावर गाडी जाते, सर्वांना जाता येईल' असे बेधडक लिहिले जाते. प्रत्यक्षात गाडी वाहनतळापर्यंत जाते. तेथून दरवाजांपर्यंत पायऱ्या आहेत आणि आतही चढउतार आहेत. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाने सुगम्यतेचा प्रश्न कायद्याच्या भाषेत आणला. म्हणून प्रत्येक टेकडीवर सिमेंट ओतावे, असे प्रस्तुत लेखकाचे मत नाही. त्याने पावसाचे मुरणारे पाणी वाहून जाईल आणि टेकडीही राहणार नाही. पण पायऱ्या कोठे सुरू होतात, वाट किती रुंद आहे, जमीन मुरमाची आहे की फरसबंद, बसायला जागा आणि पिण्याला पाणी कोठे मिळेल, हे चार ओळींत लिहायला एक पैसाही लागत नाही.

मराठीच्या अभ्यासकाला येथे एक गोष्ट विशेष मोलाची वाटेल. आपल्या भाषेत वाटांची प्रतवारी फार पूर्वीपासून आहे. मात्र ती 'सोपी-मध्यम-कठीण' अशी नाही. कोण जातो आणि पायाखाली काय येते, यावरून ती ठरते. बहुतेकांच्या पायांखालून जाऊन रुळलेली ती मळलेली वाट. क्वचित कोणी जाणारी ती आडवाट. कोकण आणि देश यांना जोडणारी ती घाटवाट. जुन्नरजवळचा नाणेघाट सातवाहनकाळापासूनचा व्यापारी मार्ग. तेथील लेणे, शिलालेख आणि दगडी रांजण आजही पाहता येतात. दोन कड्यांच्या बेचक्यातून, मोठमोठ्या दगडधोंड्यांवरून उतरणारी ती नाळ. 'नाळेने उतरलो' असे म्हटले की जाणत्याला हातांचाही उपयोग करावा लागणार, हे न सांगता कळते. (एकट्या 'वाट' या शब्दाने मराठीत किती कामे केली आहेत पाहा : ती पाहता येते, चुकते, लागते, लावलीही जाते, आणि सततच्या वापरातून हक्क निर्माण झाला की तिची वहिवाट होते.)

खांडस या कर्जत तालुक्यातील गावातून भीमाशंकरला जाणाऱ्या दोन वाटा याचे उत्तम उदाहरण होत. एक गणेश घाट, दुसरी शिडी घाट. सुरुवात तीच, मुक्कामही तोच. गणेश घाटाची वाट लांबची, पण वळसे घेत जाणारी. शिडी घाटाची जवळची, पण कातळकड्यांवर लावलेल्या शिड्यांवरून जाणारी आणि पावसाळ्यात धोक्याची. नावातच इशारा आहे. राजगडावरही असेच आहे. पाली दरवाजाकडे जाणारी वाट रुंद पायऱ्यांची, राजमार्गाची. तर गुंजवण्यातून चोर दरवाजाकडे चढणारी वाट उभी, शेवटच्या टप्प्यात कठड्याचा आधार घ्यायला लावणारी. मुख्य वाट ओझ्यासह येणाऱ्यांसाठी, चोरवाट मोजक्यांसाठी. गडाची रचना करणाऱ्यांनी चालणाऱ्याचा विचार आधी केला होता.

स्वित्झर्लंडमध्ये पायवाटांवर पिवळ्या पाट्या असतात आणि त्यांवर प्रामुख्याने अंतराऐवजी वेळ लिहिलेली असते. साध्या वाटेची खूण पिवळी, डोंगरी वाटेची पांढरी-तांबडी-पांढरी, अतिकठीण वाटेची पांढरी-निळी-पांढरी. सह्याद्रीत पुष्कळ ठिकाणी खडकावर रंगाने काढलेल्या बाणांवरच भागते. आणि आल्प्समधील रंग आपल्याकडे जसेच्या तसे आणून पुरणारही नाही, कारण सह्याद्रीतील एकच वाट वर्षातून तीन वेळा बदलते. आषाढ-श्रावणात कातळावर शेवाळ धरते आणि धुक्यात समोरचा माणूस दिसत नाही. कार्तिकात गवत कमरेइतके वाढलेले असते. माघ-फाल्गुनापासून तेच गवत वाळून मुरमावर पसरते आणि उतरताना पाय ठरत नाही. चैत्र-वैशाखात सावली आणि पाणी यांवाचून सगळे अडते. ऋतू न सांगता केलेले वाटेचे वर्णन म्हणूनच अर्धे असते.

पुढील दोन वर्णने ताडून पाहा.

'सिंहगडाची वाट अत्यंत सोपी असून आबालवृद्धांना आनंद देणारी आहे.'

'आतकरवाडीपासून पुणे दरवाजापर्यंत सुमारे सहाशे मीटर चढ आहे. वाट मळलेली असल्याने चुकण्याचा संभव कमी. सावली थोडी, उन्हाळ्यात पहाटेच निघावे. उतरताना मुरमावरून पाय घसरतो, हाती काठी असावी. चढ झेपणार नाही असे वाटल्यास मोटाररस्त्याने वाहनतळापर्यंत जाता येते, मात्र तेथून पुढे पायऱ्या आहेत.'

पहिल्या वाक्यातील 'आबालवृद्ध' हा शब्द ऐकायला भारदस्त आहे. पण त्यात ना बालक दिसते, ना वृद्ध. दुसऱ्या परिच्छेदात एकही विशेषण मिरवत नाही, आणि तरी वाचणारा आपल्या गुडघ्यांशी, आपल्या वेळेशी, सोबतच्या मुलाशी तो पडताळून पाहू शकतो. जाऊ नये, असा निर्णयही त्याला घरबसल्या घेता येतो. माहितीपर लेखनात तोही एक उपयोगच आहे.

सराव : आपल्या गावाजवळील किंवा शहरातील एखाद्या टेकडीच्या वाटेने स्वतः एकदा जाऊन या. नोकरी-संसार सांभाळून अभ्यास करणाऱ्या आपणास एखाद्या रविवारची सकाळ पुरेशी आहे. निघण्याची व पोहोचण्याची वेळ, पायऱ्यांची संख्या, थांबावे लागले त्या जागा यांची वहीत नोंद करा. नंतर त्याच वाटेविषयी प्रत्येकी सुमारे शंभर शब्दांचे दोन परिच्छेद लिहा : एक, सहा वर्षांच्या मुलीला घेऊन निघालेल्या पालकासाठी, दुसरा, नुकतीच गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेल्या आणि तरी टेकडीवर जायचेच म्हणणाऱ्या आजोबांसाठी. दोन्हींत 'सोपी' आणि 'अवघड' हे शब्द वापरू नयेत.