शस्त्रक्रियेची घटिका

आपल्याकडे मुहूर्त पाहिल्यावाचून लग्नाच्या अक्षता पडत नाहीत, वास्तुशांत होत नाही. एवढेच काय, पण गेल्या पिढीपर्यंत दूरच्या प्रवासालाही कोणी सहसा निघत नसे. रुग्णालयात मात्र मुहूर्ताला थारा नाही. तेथे शस्त्रक्रियेचा दिवस ठरतो तो खाट केव्हा रिकामी होते आणि शल्यविशारदांना सवड केव्हा मिळते यावर. असे असता, स्तनाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया कोणत्या दिवशी झाली यावर त्या स्त्रीचे पुढील आयुष्य अवलंबून असू शकेल काय, असा प्रश्न एका मराठी शल्यविशारदाने विचारला. आणि तोही पंचांग हाती घेऊन नव्हे, तर अडीचशे स्त्रियांच्या जुन्या नोंदी चाळून.

हे शल्यविशारद म्हणजे डॉ. राजेंद्र अच्युत बडवे. मुंबईच्या परळ भागातील टाटा स्मारक रुग्णालयाचे नाव आपल्या इंदुरात कोणाला ठाऊक नाही? संध्याकाळी येथून सुटणाऱ्या अवंतिका एक्सप्रेसमध्ये हाती कागदांची जाड पिशवी आणि चेहऱ्यावर न लपणारी काळजी घेऊन बसलेले एखादे कुटुंब हमखास दिसते. कोठे निघालात, असे विचारण्याचे धैर्य होत नाही आणि विचारण्याची गरजही नसते. याच रुग्णालयात डॉ. बडव्यांची हयात गेली. पुढे त्यांनी टाटा स्मारक केंद्राचे संचालकपद भूषविले आणि 2013 साली त्यांना पद्मश्री मिळाली. परंतु पदे आणि पदव्या यांपेक्षा त्यांनी आयुष्यभर धरून ठेवलेला एक प्रश्नच मला अधिक मोलाचा वाटतो.

तो प्रश्न समजण्यासाठी थोडे मागे जावे लागेल. गेल्या शतकाच्या आरंभी अमेरिकेतील हॉल्स्टेड या शल्यविशारदांचा मोठा दबदबा होता. कर्करोग गाठीपासून काखेकडे आणि तेथून पुढे शेजारच्या भागांत पसरत जातो, तेव्हा जितके अधिक कापून काढाल तितका रोगी सुरक्षित, हे त्यांचे सूत्र. त्यापायी लाखो स्त्रियांनी स्तनच नव्हे, तर त्याखालचे छातीचे स्नायूही गमावले. 1981 साली इटलीचे व्हेरोनेसी आणि 1985 साली अमेरिकेचे बर्नार्ड फिशर यांनी दाखवून दिले की, लहान गाठ असेल तर ती तेवढी काढून किरणोपचार दिले तरी स्त्री तितकीच वर्षे जगते. फिशर यांचे म्हणणे असे की, गाठ हाताला लागते तोवर रोगाचे कण रक्तावाटे शरीरात कोठे जायचे तेथे बहुधा गेलेलेच असतात. मग किती कापले याला फारसे महत्त्व उरत नाही.

डॉ. बडव्यांना या दोन्ही मतांच्या मधली एक जागा मोकळी दिसली. किती कापले हा प्रश्न बाजूला ठेवू. पण कापतेवेळी शरीरात काय घडते? ज्या घटिकेला सुरी लागते, त्या घटिकेला गाठीतील पेशी स्वस्थ बसतात काय?

लंडनच्या गाइज रुग्णालयात काम करीत असताना त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी 1975 ते 1985 या काळात शस्त्रक्रिया झालेल्या, पाळी चालू असलेल्या 249 स्त्रियांच्या नोंदी तपासल्या. मागील पाळीपासून तिसऱ्या ते बाराव्या दिवसांत ज्यांची शस्त्रक्रिया झाली होती, त्यांपैकी दहा वर्षांनी शेकडा 54 हयात होत्या. इतर दिवशी झाली होती त्यांपैकी शेकडा 84. 1991 साली ‘लॅन्सेट’मध्ये हे प्रसिद्ध झाले तेव्हा वैद्यक जगतात खळबळ उडाली. रोग तोच, शस्त्रक्रिया तीच, आणि केवळ दिवसाने एवढा फरक! काही रुग्णालयांच्या नोंदींत असेच काही आढळले, तर काहींत अजिबात आढळले नाही. वाद पुष्कळ झाला. जुन्या नोंदींवरून काढलेल्या निष्कर्षांचे हे असेच असते. नोंद लिहिणाऱ्याला पुढे कोण काय शोधणार हे कोठे ठाऊक असते?

दुसरा एखादा संशोधक तेवढ्या कीर्तीवर संतुष्ट राहिला असता. डॉ. बडव्यांनी टाटामध्ये तो प्रश्न नव्याने मांडला. ऋतुचक्राच्या उत्तरार्धात शरीरात प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक वाढते. तेच जर रक्षण करीत असेल, तर दिवसाची वाट पाहण्याऐवजी शस्त्रक्रियेपूर्वी पाच ते चौदा दिवस त्याचे एक इंजेक्शन दिले तर? एक हजार स्त्रियांचे चिठ्ठ्या टाकाव्यात त्याप्रमाणे दोन गट केले गेले. एका गटाला इंजेक्शन, दुसऱ्याला नाही. 2011 साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. सर्व स्त्रिया एकत्र धरल्या तर दोन गटांत निश्चित म्हणता येईल असा फरक नव्हता. मात्र ज्यांच्या काखेतील गाठींपर्यंत रोग पोहोचला होता, त्यांच्यात इंजेक्शन घेतलेल्यांपैकी पाच वर्षांनी शेकडा 65 रोगमुक्त होत्या, न घेतलेल्यांपैकी शेकडा 55. मूळ प्रश्नाचे उत्तर नकारार्थी आणि एका पोटगटात आशेचा किरण, असा हा निकाल. तो जसा आला तसाच त्यांनी जगापुढे ठेवला, हे येथे मुद्दाम सांगावेसे वाटते.

याहून कठीण प्रसंग पुढे होता. रोग हाडांत, यकृतात वा फुप्फुसात पसरलेला असताना स्तनातील मूळ गाठ काढावी की नाही? काढावी, असे जगभर अनेकांना वाटे. घरच्या माणसांनाही तसेच वाटते. ‘मूळच उपटून टाका ना, डॉक्टर!’ ही विनवणी कोणत्या डॉक्टरांनी ऐकली नसेल? 2005 ते 2013 या काळात औषधोपचाराला प्रतिसाद दिलेल्या 350 स्त्रियांवर टाटामध्ये हा प्रयोग झाला. गाठ काढलेल्यांचे मध्यम आयुष्य सुमारे 19 महिने भरले, न काढलेल्यांचे सुमारे 20. म्हणजे शस्त्रक्रियेने आयुष्य वाढत नाही. शल्यविशारदानेच शस्त्रक्रियेविरुद्ध साक्ष द्यावी, ही गोष्ट विरळाच. त्या निष्कर्षाने किती स्त्रियांची निरर्थक वेदना टळली असेल, याची मोजदाद कोठेच होणार नाही.

आणि मग 2011 साली आरंभलेला तो प्रयोग, ज्यात जुना प्रश्न अगदी नव्या रूपाने परत आला. दात काढताना हिरडी बधिर करण्यासाठी जे औषध टोचतात, ते लिग्नोकेन, ज्याला लिडोकेनही म्हणतात, आपल्यापैकी बहुतेकांनी अनुभवले असेल. डॉ. बडव्यांचा तर्क असा: शस्त्रक्रियेत गाठ हाताळली जाते, दुखावते, तिचा प्राणवायू तुटतो, अशा वेळी तिच्या पेशी सावध होऊन निसटण्याची धडपड करीत असतील. पेशींच्या आवरणावर सोडियमची ये-जा करणारी दारे असतात. बधिर करणारे औषध ती दारे बंद करते, म्हणून तर वेदना मेंदूपर्यंत पोहोचत नाही. अशीच दारे कर्करोगाच्या पेशींनाही असतात आणि त्यांच्या हालचालीशी त्यांचा संबंध असतो. मग गाठ काढण्यापूर्वी तिच्या सहाही बाजूंनी हे औषध टोचून सात ते दहा मिनिटे थांबले तर? रोगी पूर्ण भुलीखाली असतोच; येथे बधिर करायचे ते रोगाला!

देशातील अकरा रुग्णालयांत मिळून 1,600 स्त्रिया यात सहभागी झाल्या. 2022 साली पॅरिसच्या परिषदेत निष्कर्ष सांगितले गेले आणि पुढील वर्षी ते सविस्तर छापून आले. इंजेक्शन दिलेल्यांपैकी पाच वर्षांनी शेकडा 90.1 हयात होत्या, न दिलेल्यांपैकी 86.4. फरक शंभरात चारांच्या आतबाहेर. आकडा लहान वाटेल. परंतु लाखो रुपयांची नवी औषधे याहून फार अधिक देतात असे नव्हे, आणि येथे खर्च रुग्णामागे शंभर रुपयांच्याही आत. दुसऱ्या गटाला नुसत्या पाण्याचे इंजेक्शन दिले गेले नव्हते, हा प्रयोगावरचा एक आक्षेप आहे आणि तो गैर नाही. अन्य देशांत याची फेरतपासणी व्हावयास हवी. पण स्वस्त आणि जुन्या औषधासाठी पैसा कोण ओतणार? ज्यात कोणाला नफा नाही असा प्रयोग सार्वजनिक पैशावर चालणारी संस्थाच करू शकते.

याच संस्थेच्या आणखी एका कामाचा उल्लेख केल्यावाचून राहवत नाही. डॉ. इंद्रनील मित्रा यांच्या नेतृत्वाखाली 1998 साली मुंबईच्या गरीब वस्त्यांत 35 ते 64 वयाच्या दीड लाखांहून अधिक स्त्रियांचा अभ्यास सुरू झाला, डॉ. बडवेही त्यात होते. निम्म्या वस्त्यांत प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी स्त्रियांचे स्तन केवळ हाताने तपासले. यंत्र नाही, क्ष-किरण नाहीत. वीस वर्षांनी, 2021 साली निष्कर्ष छापला गेला: तपासणी झालेल्या वस्त्यांत रोग लवकरच्या अवस्थेत सापडू लागला होता, आणि पन्नाशी व त्यापुढील स्त्रियांत या रोगाने होणारे मृत्यू जवळजवळ शेकडा 30 ने घटले होते. पन्नाशीच्या आतील स्त्रियांत मात्र मृत्यू घटल्याचे दिसले नाही.

हे वाचताना मला रामबागेतील जुन्या वाड्यांची आठवण होते. तेथील आजी-काकूंनी पदराआड काय काय लपविले असेल! दुखत नाही ना, मग कशाला सांगायचे, ही त्या काळची समजूत. आणि हा रोग तर आरंभी दुखतच नाही. सुनेला सांगायचा संकोच, मुलाला सांगणे तर अशक्यच, आणि यजमानांना कळले तेव्हा गाठ लिंबाएवढी झालेली. मुंबईच्या त्या वस्त्यांत दारोदार फिरलेल्या सेविकांचे खरे काम हात लावण्याआधीच सुरू होत असले पाहिजे. कोणाच्या घरात शिरून, दार लोटून घेऊन, एका अनोळखी स्त्रीला पदर बाजूला करण्यास राजी करायचे, आणि दोन वर्षांनी पुन्हा त्याच दारात उभे राहायचे.