फायबर प्रिंट का वळते? ती सपाट होते तेव्हा नेमकं काय घडतं?

घरच्या डार्करूममध्ये फायबर-बेस कागदावर काढलेली प्रिंट रात्री वाळत घातली, की सकाळी तिची सुरळी झालेली असते. बहुतेक जण ती जाड पुस्तकांखाली दाबून ठेवतात, आणि पुस्तकं काढली की ती पुन्हा वळते. दुसरा उपाय शोधण्याआधी एक प्रश्न विचारा: ताण कुठल्या थरात आहे?

प्रिंटमध्ये खाली कागद, त्यावर बेरियम सल्फेटचा पांढरा बरायटा थर आणि सर्वांत वर जिलेटीनचं इमल्शन असतं. जिलेटीन पाण्यात फुगतं आणि वाळताना कागदापेक्षा जास्त आकसू पाहतं. पण ते खाली चिकटलेलं असल्यामुळे कागदालाही ओढतं, म्हणून प्रिंट चित्राच्या बाजूला वळते. आरसी कागदाच्या दोन्ही बाजूंना पॉलिथिलीन असतं. त्याचा गाभा फारसा भिजत नाही, म्हणून तो बराचसा सपाट राहतो.

आता पुस्तकांचं बघा. कोरडं जिलेटीन कडक असतं. दाबलं तर ते स्प्रिंगसारखं वाकतं आणि सोडलं की परत येतं. सुरळी जोर लावून उलगडली तर इमल्शनला तडाही जातो. ओलावा किंवा उष्णता मिळाली, की त्याच्या साखळ्या एकमेकींवरून सरकतात आणि ताण सैल होतो. म्हणजे आधी थर मऊ करायचा, मग सपाट स्थितीतच पुन्हा कडक होऊ द्यायचा.

प्रत्यक्षात असं करा: मागच्या बाजूला ओलसर स्पंज हलकेच फिरवा आणि काही मिनिटं थांबा. चित्रावर सिलिकॉन लावलेला बेकिंगचा कागद ठेवा, कारण ओलसर इमल्शन चिकटतं. मग टीपकागदांमध्ये घालून सपाट वजनाखाली एक-दोन दिवस राहू द्या. टीपकागद दमट झाले तर बदला. ड्राय माउंट प्रेस असेल तर साधारण 80 ते 95 अंश सेल्सिअसला थोडा वेळ दाबा आणि लगेच वजनाखाली थंड करा. ही शेवटची पायरी गाळली तर प्रिंट गरम असतानाच पुन्हा वळू लागते.

हे स्पष्टीकरण तपासायचं कसं? बाद प्रिंटच्या दोन सारख्या पट्ट्या कापा. ओल्या स्पंजच्या बंद डब्यात दोन्ही ठेवा, स्पंजला टेकू देऊ नका. त्या सैल पडल्या की एक मोकळी वाळवा आणि दुसरी वजनाखाली. ओलावा दोघींना मिळाला, फरक फक्त वजनाचा. मोकळी पट्टी परत वळली आणि दुसरी बरीचशी सपाट राहिली, तर वाळताना धरून ठेवणं किती महत्त्वाचं ते तुम्हाला दिसेल.

याच तत्त्वावर स्टोनी यांनी 1909 मध्ये पोलादी पट्टीवर निकेलचा थर चढवला आणि पट्टी किती वाकली यावरून थरातला ताण काढला. त्यांचं सूत्र प्रिंटला मात्र जसंच्या तसं लावू नका. तंतूंच्या दिशेनुसार कागदाचा ताठपणा बदलतो, आणि सूत्रात तसं धरलेलं नाही. संशोधनात सूत्र हाती घेताना ते काय गृहीत धरतं, हे आधी वाचा.