मुदतीने विरणारा धातू

मोडलेले हाड सांधण्याचे काम शरीर स्वतःच करते. शल्यचिकित्सकाकडे उरते ते इतकेच, की भंगलेली टोके एकमेकांसमोर नीट आणावी आणि हाड जुळेपर्यंत ती हलू नयेत असा बंदोबस्त करावा. गेली अनेक दशके हा बंदोबस्त पोलाद आणि टायटॅनियम ह्या धातूंच्या प्लेटी, सळ्या नि स्क्रू यांनी चोख बजावला आहे. परंतु हाड जुळले, म्हणजे ज्या कामावर त्या धातूची नेमणूक झाली होती ते काम संपते आणि धातू मात्र आपल्या जागी कायम राहतो. हाडापेक्षा तो कितीतरी ताठर असल्यामुळे अवयवावर येणारा भार बव्हंशी तोच वाहत राहतो, आणि भार वाहण्याची सवय सुटलेले हाड त्याच्या आश्रयाखाली हळूहळू विरळ होऊ लागते. कित्येक रुग्णांना, विशेषतः वाढत्या वयाच्या मुलांना, ती प्लेट काढून घेण्यासाठी पुन्हा भूल घ्यावी लागते. पुन्हा टाके, पुन्हा अंथरूण, पुन्हा खर्च. तेव्हा काम होताच आपण होऊन नाहीसा होणारा एखादा धातू मिळावा, ही इच्छा वैद्यकाच्या मनात निर्माण व्हावी हे स्वाभाविकच होते.

असा धातू म्हणजे मॅग्नेशियम. प्रौढ माणसाच्या देहात तो सुमारे 25 ग्रॅम असतो आणि त्यातील निम्म्याहून अधिक हाडांतच साठलेला असतो. रोजच्या अन्नातून तो शरीरात येतो आणि निकोप मूत्रपिंडे त्याचा जादा अंश विनातक्रार बाहेर टाकतात. घन सेंटिमीटरला 1.74 ग्रॅम एवढीच त्याची घनता, म्हणजे ॲल्युमिनियमहूनही तो हलका; आणि ताठरपणाच्या मोजणीत पोलाद 200 गिगॅपास्कलच्या जवळपास व टायटॅनियम 110च्या आसपास असताना मॅग्नेशियम 45च्या घरात, म्हणजे हाडाच्या पुष्कळच निकट येते.

हा शोध आजचा नव्हे. एडवर्ड ह्यूज नावाच्या वैद्याने 1878 साली रक्तवाहिन्या बांधण्यासाठी मॅग्नेशियमची तार वापरली, आणि पुढे ऑस्ट्रियातील ग्रात्स येथे एर्विन पायर ह्याने ह्या धातूवर चिकाटीने प्रयोग केले. परंतु ज्या घटनेने ह्या धातूचे मर्म आणि त्याचा धोका एकदमच उघड केला ती घडली बेल्जियममध्ये. ‘ऑस्टिओसिंथेसिस’ ही संज्ञा ज्याने रूढ केली तो अस्थिशल्यज्ञ आल्बँ लांबोत ह्याने विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात एका रुग्णाच्या पायाच्या मोडलेल्या हाडावर मॅग्नेशियमची प्लेट बसविली आणि ती सोन्याचा मुलामा दिलेल्या पोलादी खिळ्यांनी पक्की केली. अवघ्या आठ दिवसांत प्लेटीचे तुकडे झाले आणि कातडीखाली वायूचा फुगवटा जमला. दोन भिन्न धातू खारट द्रवात एकमेकांस टेकले, की त्यांच्यात विद्युत्-प्रवाह वाहू लागतो आणि जो धातू अधिक क्रियाशील असेल त्याचा क्षय दुसऱ्याच्या हिश्शाचाही होतो. जहाजांच्या पोलादी तळाला जस्ताचे ठोकळे जोडून तळ वाचविण्याची जी रीत आहे ती ह्याच नियमावर चालते. लांबोतने पुढे ही परधातूची संगत टाळली, आणि त्याचा शिष्य जाँ व्हेर्ब्रुग ह्याने 1934 साली प्रसिद्ध केलेल्या वृत्तान्तात लहान मुलांच्या कोपराजवळील अस्थिभंग ह्या धातूने बरे झाल्याची नोंद आहे. तथापि न गंजणारे पोलाद तोवर हाताशी आले होते, आणि मॅग्नेशियमचा विषय दीर्घकाळ दप्तरात पडून राहिला.

हा धातू इतक्या त्वरेने का झिजतो, ते समजून घेतल्याखेरीज त्याच्या पृष्ठभागावर करावयाच्या संस्कारांचे महत्त्व ध्यानात येणार नाही. पाण्याशी संयोग होताच मॅग्नेशियमचे हायड्रॉक्साइड बनते आणि हायड्रोजन वायू सुटतो; एक ग्रॅम धातू विरघळला तर सुमारे एक लिटर वायू होतो. तो मंदगतीने निघाला तर भोवतालच्या ऊती व रक्त तो सहज वाहून नेतात. झपाट्याने निघाला तर त्याचे बुडबुडे साचून हाड आणि स्क्रू यांच्यामध्ये पोकळी पाडतात, आणि आजूबाजूचा द्रव अल्कधर्मी होऊन पेशींना जाचक ठरतो. ॲल्युमिनियमवर हवेत जो ऑक्साइडचा थर बसतो तो अभेद्य असल्याने धातूचे रक्षण करतो; मॅग्नेशियमच्या ऑक्साइडचे आकारमान मात्र ज्या धातूपासून ते बनले त्याहून कमी, साधारण चार-पंचमांश असते, आणि म्हणून हा थर वाढत्या मुलाच्या तोकड्या अंगरख्याप्रमाणे ठिकठिकाणी अपुरा पडतो. हायड्रॉक्साइडचा थर त्याच्या मदतीला येतो खरा, परंतु रक्तद्रवातील क्लोराइड त्या थराचे विद्राव्य मॅग्नेशियम क्लोराइडमध्ये रूपांतर करून त्यालाही भोके पाडते. लोह, निकेल वा तांबे यांचा यत्किंचित अंश धातूत राहिला असेल, तर लांबोतच्या खिळ्यांनी बाहेरून जे केले तेच हे कण आतून करू लागतात.

ह्यावर दोन प्रकारची तजवीज करता येते. एक धातूच्या घडणीत: तो अत्यंत शुद्ध करणे, त्यात कॅल्शियम, जस्त किंवा इट्रियमसारखी दुर्मिळ मृदाधातूंच्या वर्गातील मूलद्रव्ये योग्य प्रमाणात मिसळणे. दुसरी त्याच्या पृष्ठभागावर, आणि माझ्या मते ह्या विषयाचा खरा रस तेथेच आहे. कारण सामर्थ्य मिश्रधातूने द्यावे आणि मुदत पृष्ठभागाने ठरवावी, अशी कामाची वाटणी झाली तरच एकाच धातूपासून निरनिराळ्या हाडांसाठी निरनिराळ्या मुदतींचे स्क्रू घडविणे शक्य होईल.

पृष्ठसंस्कारांत सर्वांत तेजस्वी, अगदी शब्दशः तेजस्वी, रीत म्हणजे सूक्ष्म ठिणग्यांनी ऑक्साइड चढविण्याची. सिलिकेट किंवा फॉस्फेट मिसळलेल्या अल्कधर्मी द्रावात तो स्क्रू धनाग्र म्हणून बुडवितात आणि विद्युत्-दाब शेकडो व्होल्टपर्यंत चढवीत नेतात. प्रथम वस्तूवर ऑक्साइडचा पातळ पडदा येतो; दाब एका मर्यादेपलीकडे गेला की तो पडदा जागोजाग फाटतो आणि द्रावाखाली असंख्य चिमुकल्या ठिणग्या पृष्ठभागावर धावू लागतात. प्रत्येक ठिणगी क्षणाच्या अत्यल्प अंशापुरती जगते, परंतु तेवढ्यात तिच्या जागी हजारो अंशांचे तापमान निर्माण होऊन ऑक्साइड वितळते आणि भोवतालच्या थंड द्रावामुळे तत्काळ गोठते. असा तयार झालेला, काही मायक्रॉनांपासून काही दशक मायक्रॉनांपर्यंत जाडीचा, भाजलेल्या मृत्तिकेसारखा कठीण थर धातूवर लेपलेला नसून धातूतूनच उगवलेला असतो, आणि म्हणून तो सहसा सोलून निघत नाही. स्क्रू हाडात पिळून बसवावयाचा असल्याने ह्या गुणाची किंमत फार मोठी आहे. ह्या थराला तळाशी दाट आणि वर सच्छिद्र असे दोन पदर असतात. ती छिद्रे द्रवाला वाट देतात हा दोष खरा, परंतु त्याच छिद्रांत दुसरा लेप किंवा औषध घट्ट धरून ठेवता येते, आणि द्रावात कॅल्शियम व फॉस्फरस घातले तर थराची घटना हाडाच्या द्रव्याकडे झुकते.

दुसरी रीत शांत, पण अधिक भीतीची. मॅग्नेशियम हायड्रोफ्लुओरिक आम्लात काही तास ते काही दिवस बुडवून ठेवले, की त्यावर मॅग्नेशियम फ्लुओराइडचा दाट, जवळजवळ अविद्राव्य असा अगदी पातळ थर बसतो. हे आम्ल कातडीतून आत शिरून देहातील कॅल्शियमला ग्रासते, आणि त्याचा एखादा थेंबही हयगयीने हाताळणे हा कामगाराच्या जिवाशी खेळ ठरू शकतो. ज्या कारखान्यात हा संस्कार करावयाचा तेथील माणसांच्या सुरक्षिततेचा विचार संशोधनाइतक्याच आस्थेने झाला पाहिजे, असे मला आग्रहाने म्हणावेसे वाटते.

हाडाच्या खनिजाचाच, म्हणजे कॅल्शियम फॉस्फेटचा, लेप देणे ही कल्पना ऐकताक्षणी पटते. पेशींना तो ओळखीचा वाटतो, त्यावर नवे हाड आनंदाने धरते. परंतु विद्युत्-प्रवाहाने तो चढविताना ऋणाग्रावर हायड्रोजन सुटतो आणि त्याच्या बुडबुड्यांनी लेपात खळगे राहतात. शिवाय त्याची धातूवरील पकडही बेताचीच असते. पॉलिलॅक्टिक आम्लासारख्या विरघळणाऱ्या बहुवारिकांचे पापुद्रे सोपे आणि स्वस्त खरे, पण त्यांच्याखाली वायू जमून ते फुगतात. म्हणूनच अलीकडे ठिणग्यांच्या थराच्या छिद्रांत बहुवारिक भरून दोघांचे गुण एकत्र आणण्याकडे कल दिसतो.

ह्या थरांची परीक्षा प्रयोगशाळेत होते ती बहुधा रक्तद्रवाची क्षारघटना जुळविलेल्या कृत्रिम द्रावात, उलट्या धरलेल्या ब्युरेटमध्ये जमणारा हायड्रोजन मोजून. अशा मोजणीत क्षरण कित्येक पटींनी घटल्याचे आकडे निघतात, पण ते फार जपून वाचावेत. त्या द्रावात प्रथिने नसतात, पेशी नसतात, वाहते रक्त नसते. सामू स्थिर राखण्यासाठी घातलेली द्रव्ये स्वतःच क्षरणाचा वेग बदलतात. आणि ज्याची परीक्षा घेतात तो बहुतेकदा सपाट, गुळगुळीत तुकडा असतो, ज्याला आटे नसतात आणि ज्याच्या डोक्यात पेचकसाने ओरखडा उमटलेला नसतो. थर एका बिंदूवर फुटला तर क्षरण त्या बिंदूतून खोल शिरते, आणि सगळीकडून समान झिजणाऱ्या उघड्या स्क्रूपेक्षा एकाच ठिकाणी पोखरला गेलेला आच्छादित स्क्रू आधी मोडू शकतो. त्याचप्रमाणे कधीच न फुटणारा थरही येथे गुण नव्हे. त्याने धातू कायमचा झाकला तर पोलादानेच काय वाईट केले होते?

रुग्णांपर्यंत जे पोहोचले ते मात्र मुख्यतः मिश्रधातूच्या बळावर. जर्मनीतील हानोफर येथे विकसित झालेल्या, इट्रियमयुक्त मॅग्नेशियमच्या ‘मॅग्नेझिक्स’ स्क्रूला 2013 साली युरोपीय परवाना मिळाला; त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या, पायाच्या अंगठ्याचे वाकलेले हाड सरळ करण्याच्या शस्त्रक्रियेवरील 26 रुग्णांच्या तुलनेत सहा महिन्यांअंती तो टायटॅनियमच्या तोडीचा ठरला. कोरियात मॅग्नेशियम, कॅल्शियम आणि जस्त यांच्या मिश्रधातूच्या स्क्रूला 2015 साली मान्यता मिळाली. सुरुवातीच्या महिन्यांत क्ष-किरण चित्रात ह्या स्क्रूंभोवती वायूची काळसर छाया दिसते आणि अननुभवी डोळ्याला ती जंतुसंसर्गाची खूण वाटते. बहुतेक रुग्णांत ती काळाने ओसरते.

हे सारे स्क्रू लहान, आणि हाडेही थोडा भार वाहणारी. मांडीचे किंवा नडगीचे हाड, ज्यावर उभ्या देहाचे ओझे येते, तेथे निव्वळ मिश्रधातूवर विसंबण्याचे धाडस अद्याप कोणी सहसा करीत नाही, आणि तेथेच पृष्ठसंस्काराची खरी कसोटी आहे. लहान मुलाच्या मनगटाजवळचे हाड सुमारे सहा आठवड्यांत जुळते. प्रौढाच्या नडगीला चार महिने आणि कधी त्याहूनही अधिक काळ लागतो. पहिल्यासाठी पातळ आणि लवकर हार मानणारा थर हवा, दुसऱ्यासाठी जाड आणि आट्यांच्या कडांवरही अखंड टिकणारा. आणि वृद्ध किंवा मधुमेही रुग्णात, जेथे हाड आधीच रेंगाळत जुळते, तेथे तो त्याहूनही चिवट असावा लागेल.