तंबूतील स्वयंपाक

हिमाचल प्रदेशात कुंझुम खिंडीजवळ सुमारे ४,२५० मीटर उंचीवर चंद्रताल हे सरोवर आहे. उन्हाळ्यात मनालीहून निघालेली कुटुंबे सरोवराच्या अलीकडे काही अंतरावर तंबूंत मुक्काम करतात. सूर्य डोंगराआड जातो न जातो तोच थंडी अंगाशी झोंबू लागते. मुले भुकेलेली असतात. अशा वेळी एखादी गृहिणी पातेल्यात तुरीची डाळ चढविते. पाणी खदखदू लागते, वाफ उसळते, सर्व लक्षणे घरच्यासारखीच. परंतु तास उलटून गेला तरी बोटांत धरलेला दाणा चुरडत नाही. स्टोव्ह मोठा केला जातो. पाणी अधिक जोराने उसळते, रॉकेल झरझर जळते आणि डाळ होती तशीच राहते.

चार्ल्स डार्विन यांनाही हाच अनुभव आला होता. मार्च १८३५ मध्ये अँडीज पर्वताची पोर्तियो खिंड ओलांडताना त्यांच्या मुक्कामावर बटाटे शिजत घातले गेले. भांडे रात्रभर विस्तवावर राहिले, सकाळी पुन्हा उकळले, तरी बटाटे कच्चेच. बरोबरच्या दोघा वाटाड्यांनी आपापसांत खल करून निष्कर्ष काढला, की हे भांडे नवे आहे आणि बटाटे शिजवावयाची त्याची इच्छाच नाही! डार्विन यांना खरे कारण ठाऊक होते. वाटाड्यांचा तर्क हास्यास्पद असला, तरी ‘पाणी उकळते आहे, मग अन्न का शिजत नाही?’ हा त्यांचा प्रश्न मात्र अगदी योग्य होता.

पाणी उकळते म्हणजे काय? पाण्याच्या वाफेचा दाब बाहेरील हवेच्या दाबाशी बरोबरी करू लागला, की पाण्याच्या पोटातच बुडबुडे निर्माण होतात व त्यालाच आपण उकळी म्हणतो. समुद्रकाठी ही बरोबरी १०० अंश सेल्सिअसला होते. डोंगरावर माथ्यावरील हवेचा थर कमी, म्हणून दाब कमी. त्यामुळे बरोबरी अगोदरच साधते. स्थूलमानाने दर ३०० मीटर चढणीस उत्कलनबिंदू एक अंशाने उतरतो. लेह येथे तो ८८ अंशांच्या आसपास येतो, चंद्रतालजवळ ८६ च्या. आणि एकदा उकळी फुटली, की खालचा जाळ कितीही वाढविला तरी उघड्या पातेल्यातील पाण्याचे तापमान वाढत नाही. जादा उष्णता केवळ वाफ करण्यात खर्च होते. गृहिणीचे रॉकेल गेले ते येथे.

उत्कलनबिंदूचा हा उतार इतका नियमित आहे, की त्यावरून उंची मोजता येते. कुमाऊँमधील मिलम गावचे शिक्षक नैनसिंह रावत भारतीय सर्वेक्षण खात्याच्या कामगिरीवर वेष पालटून तिबेटात शिरले आणि जानेवारी १८६६ मध्ये ल्हासाला पोचले. त्या नगराची उंची त्यांनी ठरविली ती उकळत्या पाण्यात तापमापी बुडवून. ज्या गोष्टीने तंबूतील डाळ बिघडते, तिनेच नकाशे तयार होण्यास मदत केली आहे.

आता अन्नाकडे वळू. तांदूळ, रवा, पोहे यांतील मुख्य द्रव्य पिष्ट. तांदळातील पिष्टाचे कण साधारण ६५ ते ७५ अंशांच्या दरम्यान पाणी शोषून फुगतात व मऊ होतात. म्हणजे ८६ अंशांतही भात होतो, वेळ मात्र अधिक लागतो. डाळीची गोष्ट निराळी. तिच्या पेशी पेक्टिन नावाच्या द्रव्याने सांधलेल्या असतात आणि हे सांधे सुटण्यास अधिक तापमान किंवा पुष्कळ अधिक वेळ लागतो. पाणी जड असेल, म्हणजे त्यात चुन्याचे क्षार असतील, तर सांधे उलट बळकट होतात. म्हणून डोंगरावर भात साधतो आणि वरण फसते.

दाण्याचा आकारही विचारात घ्यावा. उष्णतेला दाण्याच्या मध्यापर्यंत पोचावयास लागणारा वेळ जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. बटाट्याची फोड निम्म्या जाडीची केली, तर वेळ जवळजवळ चौथ्या हिश्शावर येतो. अख्खे बटाटे उकडावयास टाकण्यापेक्षा त्यांच्या पातळ काचऱ्या करणे, तुरीऐवजी सालीविना मूग किंवा मसूर घेणे, ती डाळ दुपारच्या प्रवासातच डब्यात भिजत ठेवणे, एवढ्याने अर्धे काम होते. भिजविलेली मुगाची डाळ, तांदूळ, मीठ, हळद व तूप यांची पातळसर खिचडी साध्या पातेल्यातही झाकण ठेवून होऊ शकते. झाकण ही क्षुल्लक बाब नव्हे. ५ अंशांचे एक लिटर पाणी ८६ अंशांपर्यंत तापविण्यास सुमारे ८१ किलोकॅलरी उष्णता लागते, तर तेवढ्याच पाण्याची वाफ करून उडविण्यास साडेपाचशेच्या आसपास! एक ग्रॅम रॉकेल सुमारे १० किलोकॅलरी देते. हिशेबाने लिटरभर पाणी आठ ग्रॅमांत तापावयास हवे; प्रत्यक्षात निम्म्याहून अधिक उष्णता हवेत जाते, आणि वारा सुटला तर विचारावयासच नको. स्टोव्हभोवती दगडांचा आडोसा केल्यास एरवी वाया जाणारे बरेच इंधन वाचते.

याहून शहाणपणाचा मार्ग म्हणजे शिजविण्याचे काम घरीच उरकून येणे. आपल्या देशातील जुन्या वाटसरूंनी तो केव्हाच शोधला आहे. पोह्यांचे भात भिजवून, भाजून मग कुटलेले असते. त्यांतील पिष्ट अगोदरच फुललेले असल्याने त्यांना केवळ पाणी हवे. बिहारचा सत्तू भाजलेल्या हरभऱ्याचा. तो मीठ, कांदा, लिंबू घालून थंड पाण्यातही कालवता येतो. तिबेट व लडाखमध्ये भाजलेल्या जवाचे पीठ लोणी घातलेल्या खारट चहात मळून खातात, आणि त्या उंचीवर इंधनाची जी टंचाई असते ती पाहता याहून युक्त आहार सुचणे कठीण. महाराष्ट्रातील मेतकूट याच कुळातले. फोडणी घालून घरी खमंग भाजून नेलेला रवा तर दहा मिनिटांत उपमा होतो. कण बारीक असल्याने उकळते पाणी ओतून, झाकून, भांडे घोंगडीत गुंडाळून ठेवले तरी पुरते. दमलेल्या मुलांना तेवढी वाट पाहवते.

एका पदार्थाविषयी मात्र निक्षून सांगितले पाहिजे. हिमाचलचा राजमा प्रसिद्ध आहे व वाटेतल्या बाजारात तो विकत घेण्याचा मोह होतो. कच्च्या राजम्यात एक विषारी प्रथिन असते. त्याचा नाश व्हावयास दाणे निदान पाच तास भिजवून, ते पाणी टाकून, नव्या पाण्यात खऱ्याखुऱ्या १०० अंशांवर बराच वेळ उकळावे लागतात. ८० अंशांच्या आसपास रेंगाळलेला अर्धवट राजमा कच्च्यापेक्षाही अधिक अपायकारक ठरू शकतो. काही तासांतच तीव्र वांत्या सुरू होतात. चंद्रतालच्या उंचीवर उघड्या पातेल्यात १०० अंश कधीच गाठता येत नाहीत. तेथे राजमा करावयाचा तर प्रेशर कुकरमध्येच, नाहीतर मुळीच नाही.

कुकरचे मूळ १६७९ सालातले. देनी पापँ या फ्रेंच शास्त्रज्ञाने घट्ट झाकणाचे व सुरक्षा-झडपेचे भांडे बनवून कठीण हाडेही मऊ करून दाखविली. आजच्या कुकरचे वजन बाहेरील हवेच्या दाबावर आणखी सुमारे एक किलोग्रॅम दर चौरस सेंटिमीटर इतका दाब आत राखते. समुद्रकाठी त्यामुळे आत १२० अंश होतात. डोंगरावर बाहेरचाच दाब कमी, म्हणून बेरीजही कमी. चंद्रतालजवळ आत सुमारे ११३ अंश भरतात. घरच्या मोजमापाने शिट्या मोजणाऱ्यांनी दोन-चार अधिक धराव्यात. बंगालमधील इंदुमाधव मल्लिक यांचा इकमिक कुकर दिसावयास याच जातीचा वाटतो, पण त्यात एकावर एक डबे ठेवून खालच्या निखाऱ्यांवर साध्या वाफेने अन्न शिजते. दाब नसल्याने उंचीवर त्याचा लाभ नाही.

पिण्याच्या पाण्याबाबत काळजीचे कारण नाही. ८६ अंशांची उकळीही रोगजंतू मारते. दोन हजार मीटरांवर ती एका मिनिटाऐवजी तीन मिनिटे चालू द्यावी, एवढेच.

खरी काळजी निराळीच आहे. बाहेर वारा बोचतो, म्हणून पुष्कळ लोक स्टोव्ह किंवा गॅसची शेगडी तंबूत घेतात आणि ऊब टिकावी म्हणून दारही बंद करतात. अपुऱ्या हवेत इंधन नीट जळत नाही व कार्बन मोनॉक्साइड निर्माण होतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातील हिमोग्लोबिनशी तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट बांधला जातो. डोके दुखणे, मळमळ, गळून गेल्यासारखे वाटणे ही त्याची पहिली चिन्हे. दुर्दैव असे, की उंचीवरील विरळ हवेचा त्रासही नेमक्या याच चिन्हांनी सुरू होतो. त्यामुळे मुलाचे डोके दुखू लागले की ‘हवा लागली’ म्हणून त्याला पांघरूण घालून त्याच तंबूत निजविले जाते. अशा वेळी प्रथम विस्तव विझवावा, सर्वांनी उघड्यावर यावे. मोकळ्या हवेत आल्यावर सर्वांनाच बरे वाटू लागले, तर दोष शेगडीकडे असण्याचा संभव मोठा. तरीही डॉक्टरांना दाखविणे टाळू नये. बरे न वाटल्यास खालच्या गावाकडे उतरावयास लागावे.

स्वयंपाक तंबूबाहेर, वाऱ्याच्या आडोशाला, उजेड असतानाच उरकावा. रात्री गरम पाण्याची एक थर्मास भरून ठेवली, की पहाटे हात गारठलेले असताना स्टोव्ह पेटविण्याची खटपट न करता पोहे भिजविता येतात.